यू वॉज, ही डोन्ट वगैरे

आजचा विषय व्याकरण आहे. थांबा, पळू नका. कोणाला फळ्यापाशी बोलावणार नाहीये. आणि सुरुवात माझ्याच एका गाढवपणापासून करतोय, त्यामुळे तुम्हाला निवांत बसायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. मराठवाड्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, डोकं एकदम तल्लख. रात्री अडीच वाजता डेटाबेस लटकला की ज्याला फोन करावा असा. एकदा त्याने क्लायंटला मेल लिहिली. दोन आठवडे आम्ही सगळे ज्या प्रॉब्लेमभोवती गोल गोल फिरत होतो त्याचं अगदी नेमकं निदान त्याने सहा ओळींत केलं होतं. फक्त दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'द सर्व्हर डोन्ट रिस्पॉन्ड'. मी 'रिप्लाय ऑल' दाबलं आणि लिहिलं: डझन्ट, डोन्ट नाही, पाठवण्याआधी वाचत जा. सीसीमध्ये अकरा माणसं. निदानाबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्याच आठवड्यात कॉल होता. क्लायंटकडचा मॅनेजर टेक्सासचा, माझ्या वयाइतकी वर्षं या धंद्यात घालवलेला, जन्मापासून इंग्रजी बोलणारा. कुठल्यातरी उशीर झालेल्या रिपोर्टबद्दल तो मोठ्या मनाने म्हणाला, 'इट डोन्ट मॅटर'. खोलीत कोणी काही बोललं नाही. मीही नाही. तो मुलगा टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत काहीतरी लिहायला लागला.

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. इतके शनिवार-रविवार मिळेल ते वाचतोय. त्यातलं जे गंमतशीर वाटलं ते आज इथे मांडतोय.

आमच्या घरात इंग्रजी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि नंतर रेन अँड मार्टिन. (या रेनसाहेबांनी परकीय पलटणीवरची 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावर सिनेमेही निघाले, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. आपण त्यांना फक्त 'ॲक्टिव्ह-पॅसिव्ह'वाले म्हणून ओळखतो.) तिथे ठसवलेला नियम असा: ही, शी, इट आलं की वर्तमानकाळी क्रियापदाला 'स' लावायचा. डू नाही, डज. डोन्ट नाही, डझन्ट. मला वाटायचं हे न्यूटनच्या नियमांसारखं काहीतरी असणार. सफरचंद खाली पडतं आणि ही नंतर डझन्ट येतं.

पण 'ही डोन्ट' ही कोणा अडाण्याने अलीकडे केलेली चूक नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते लेखी सापडतं. अठराव्या शतकात चांगले शिकलेसवरलेले लोक बोलताना सर्रास 'ही डोन्ट' म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकातही बराच काळ म्हणत राहिले. ते आलं कुठून यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. काहींच्या मते इंग्लंडच्या काही बोलींत 'ही डू' असंच म्हणत, त्यातून हे आलं. काहींच्या मते 'डझन्ट' तोंडात झिजून 'डोन्ट' झालं. काही का असेना, पेशवाईच्या काळात लंडनच्या दिवाणखान्यात कोणी 'ही डोन्ट' म्हणालं असतं तर कोणाची भुवई वर गेली नसती.

मग भुवया कधी वर जायला लागल्या? इथे दोन वेगवेगळी भांडणं आहेत. एक शब्द आखडण्याचं आणि दुसरं कर्ता-क्रियापद जुळण्याचं.

आधी आखडण्याचं. डोन्ट, कान्ट, शान्ट, वोन्ट ही मंडळी सतराव्या शतकात नाटकांतून आणि पत्रांतून धडाधड लिहिली जाऊ लागली. (वोन्टमधला 'ओ' आला तो 'विल'च्या 'वोल' या जुन्या रूपातून. म्हणजे मूळ शब्द मेला आणि त्याचं आखूड रूप तेवढं मागे राहिलं. आपल्या जुन्या सिस्टिममध्ये कोणालाच न कळणारं एखादं फंक्शन असतं ना, तसं.) बोलताना लोक तसं करतच असणार, आता ते कागदावर उतरलं. आणि कागदावर उतरलं की कोणाचं तरी डोकं फिरतं.

डोकं फिरलं ते जोनाथन स्विफ्टचं. गलिव्हर नंतरचा, १७२६ चा. त्याच्या सोळा वर्षं आधी, सप्टेंबर १७१० मध्ये, 'टॅटलर' या लंडनच्या पत्रात २३० व्या अंकात त्याने एक लेख लिहिला. आजकालचे फॅशनेबल लोक शब्दांची शेपटं तोडतात, दोन शब्द एकत्र कोंबतात, भाषेचं वाटोळं करतात, अशी ती तक्रार. नमुना म्हणून त्याने कोणा तरुणाचं एक बनावट पत्रच त्यात घातलं, आखूड शब्दांनी खचाखच भरलेलं. 'मॉब' या शब्दावर तर त्याचा विशेष राग. 'मोबिले वुल्गुस' या लॅटिन शब्दजोडीचं डोकं तेवढं ठेवून बाकी धड उडवलेला तो शब्द. दोन वर्षांनी, १७१२ मध्ये, त्याने खजिन्याचा मुख्य असलेल्या ऑक्सफर्डच्या अर्लला उद्देशून एक जाहीर पत्र काढलं. फ्रेंचांसारखी आपलीही एक अकादमी असावी, तिने भाषा शुद्ध करून कायमची गोठवावी, ही त्यातली मागणी. १७१४ मध्ये राणी ॲन वारली, स्विफ्टच्या गोटाची सत्ता गेली, अकादमी तिथेच राहिली.

आता खरी मजा. ज्या सप्टेंबर १७१० मध्ये तो हा लेख लिहित होता त्याच महिन्यापासून तो डब्लिनला एस्थर जॉन्सन आणि तिच्या मैत्रिणीला पत्रं लिहायला लागला होता. पुढे ती 'जर्नल टू स्टेला' म्हणून छापली गेली. ती उघडून पाहा. डोन्ट आहे, 'अँट' आहे (हा 'एन्ट'चा पूर्वज, त्याच्याकडे नंतर येतो), शब्द आखडलेले आहेत. इतकंच काय, लाडात येऊन त्याने माणसांची नावंसुद्धा दोन-तीन अक्षरांवर आणून ठेवली आहेत. म्हणजे दिवसा लेखात भाषेच्या ऱ्हासावर उसासे आणि रात्री मेणबत्तीपाशी 'डोन्ट'.

मला यात ढोंग वाटत नाही, खरं सांगतो. प्रेमाच्या माणसाला लिहिताना कोण 'डू नॉट' लिहितो? आपणच बघा ना. मघापासून मी 'करतोय', 'सांगतोय', 'नाहीये' लिहितोय. 'करतो आहे'चं 'करतोय' म्हणजे अगदी 'आय ॲम'चं 'आयॅम' तेच. 'आला आहे' तो 'आलाय', 'गेलं आहे' ते 'गेलंय'. कंपनीच्या एचआरकडून मराठीत पत्र आलं तर त्यात 'आपली बदली झालीय' असं नसणार. आणि आईने फोनवर 'तुझे बाबा बाहेर गेले आहेत' असं प्रत्येक अक्षर सुटं करून सांगितलं तर माझ्या पोटात गोळा येईल, काय झालं म्हणून.

ॲडिसनने १७११ मध्ये 'स्पेक्टेटर'मध्ये याच विषयावर लिहिलं, पण जरा मिश्कीलपणे. त्याचं म्हणणं, आपण इंग्रज मुळात कमी बोलणारे, म्हणून शब्दही आखडते घेतो. त्यात आवाज बिघडला, स्वर गेले, व्यंजनांची गर्दी झाली, ही तक्रार त्यालाही होती. त्या 'मेन्ट', 'कान्ट', 'शान्ट'ला तो हसला. पण हेच ॲडिसनसाहेब पुढे दुसऱ्याच गुन्ह्यात सापडणार होते.

तो गुन्हा 'यू वॉज'चा. आणि इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच.

इंग्रजीत पूर्वी दोन सर्वनामं होती. एकाला 'दाऊ', अनेकांना 'यू'. आपल्या तू आणि तुम्हीसारखी. फ्रेंचांच्या नादाने एकट्या मोठ्या माणसालाही आदराने 'यू' म्हणायची पद्धत पडली, म्हणजे अगदी आपलं 'तुम्ही'. मग हळूहळू आदर इतका वाढला की सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणायला लागले आणि सतराव्या शतकात शिष्ट बोलण्यातून 'दाऊ' मागे सरत गेला. समजा, मराठीतून 'तू' गेला. नोकराला तुम्ही, पोराला तुम्ही, कुत्र्याला तुम्ही. 'तुम्ही आलात' म्हटलं की एक आला की दहा, कसं कळणार?

क्वेकर नावाच्या पंथाने यावर भांडण काढलं. देवापुढे सगळे समान, एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटी खुशामत, म्हणून ते न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत. त्यासाठी मार खात. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स याने दोन साथीदारांबरोबर १६६० मध्ये एक अख्खं पुस्तक काढलं, पंडितांना एकवचन-अनेकवचन शिकवण्यासाठी! अनेक भाषांतले दाखले देऊन: बघा, यांच्याकडेही एकाला वेगळं आणि अनेकांना वेगळं आहे. व्याकरणासाठी फटके खाल्लेली माणसं आपण फक्त शाळेत पाहिली असतात. इथे एक पूर्ण पंथ.

बाकीच्या जनतेने मात्र फटके न खाता तोच प्रश्न सोडवला. सर्वनाम एकच ठेवलं आणि क्रियापद बदललं. अनेकांना 'यू वेअर', एकाला 'यू वॉज'. जणू दहांना 'तुम्ही आलात' आणि एकट्याला 'तुम्ही आलास'. आपल्या कानाला हे भयंकर वाटतं, पण इंजिनिअरच्या नजरेने पाहा. फील्ड एकच उरलं, माहिती मात्र दोन प्रकारची साठवायची आहे, तर शेजारचं फील्ड वापरलं. अठराव्या शतकात हे 'यू वॉज' चांगलं रुळलं होतं, आणि रस्त्यावर नाही, मोठमोठ्या लेखकांच्या लेखणीत.

मग १७६२ साल. रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरणाचं एक छोटं पुस्तक काढलं. माणूस विद्वान, ऑक्सफर्डला काव्याचा प्राध्यापक राहिलेला, हिब्रू काव्यावरच्या त्याच्या व्याख्यानांचं नाव झालेलं. पुढे तो लंडनचा बिशपही झाला. त्याच्या व्याकरणात मजकूर वर आणि खाली तळटिपांत नामवंत लेखकांच्या चुका, नावानिशी. एका तळटिपेत त्याने 'यू वॉज'ला घोर अपराध ठरवलं आणि पुरावा म्हणून कोणाची वाक्यं दिली? ॲडिसन, पोप, बोलिंगब्रोक, बेंटली. म्हणजे त्या काळातली ए-लिस्ट. त्याचा तर्क साधा: 'यू' अनेकवचनी, तर क्रियापदही अनेकवचनी हवं. तर्क चुकीचा नाही. पण दुसरा तर्कही चुकीचा नव्हता. नोआ वेबस्टरने, हो, तोच डिक्शनरीवाला, १७८९ मध्ये अमेरिकेतून उलट बाजू मांडली: एका माणसाला उद्देशून 'यू' वापरलं की ते एकवचनच, मग 'यू वॉज' बरोबरच आहे.

वेबस्टर हरला. कारण पुस्तक जास्त खपलं ते तिसऱ्याचं. लिंडली मरे. हा पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेला, १७८४ मध्ये इंग्लंडला येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेला. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ मध्ये व्याकरण लिहिलं. बरंचसं लाउथचं घेऊन, आणि आपण संकलन केलंय हे न लपवता. ते इंग्लंड-अमेरिकेत पन्नासेक वर्षं अक्षरशः लाखांनी खपलं. आणि गंमत म्हणजे हा मरे क्वेकर होता! ज्या पंथाने 'यू'च्या एकवचनासाठी मार खाल्ला, त्यातल्याच एकाने लाउथचे नियम घरोघर पोचवले. तिकडे अमेरिकेतले क्वेकर आपसात पुढे 'दी इज' बोलायला लागले. म्हणजे 'दाऊ'चं द्वितीयेतलं रूप कर्त्याच्या जागी आणि क्रियापद तृतीयपुरुषी. लाउथला हे दाखवलं असतं तर तळटीप पानभर झाली असती.

हे पुस्तक इतकं खपलं का? याचं उत्तर मला माझ्या ऑफिसात सापडलं. जन्माने मोठा असलेल्या माणसाला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. ते लागतं वर चढणाऱ्याला. दुकानदाराचा मुलगा, कारकून, गिरणीमालकाची मुलगी. ज्यांच्याकडे पैसा येतोय पण तोंड उघडलं की घर कळतं, अशांना. सरदार मंडळी मजेत 'ही डोन्ट' आणि 'एन्ट' म्हणत राहिली. पार १९२३ मध्ये डोरथी सेयर्सने लॉर्ड पीटर विम्झी हा हेर उभा केला, ड्यूकचा भाऊ, आणि त्याच्या तोंडी खुशाल 'एन्ट' घातलं. त्याची चूक कोण काढणार? 'डझन्ट' घट्ट धरून बसले ते मधले. पाय घसरेल या भीतीने. आम्ही अकरा जण सीसीमध्ये होतो ना, ते अकराही मधलेच होतो.

आता ते 'एन्ट', सांगतो म्हणालो होतो. 'आय ॲम नॉट'चं आखूड रूप काय? आय डोन्ट, आय कान्ट, आय वोन्ट आहे, पण 'ॲम नॉट'चं? मूळ 'ॲम्न्ट'. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ते अजून ऐकू येतं. बाकीच्यांना म आणि न एकत्र म्हणायचा कंटाळा, म्हणून 'अँट'. काँग्रीव्हच्या १६९५ च्या नाटकात ते या अर्थाने आहे. हाच 'अँट' 'आर नॉट'लाही चालायला लागला, मग 'इज नॉट'ला, आणि उच्चार बदलत 'एन्ट' झाला. एक शब्द सगळ्यांना लागू होतो म्हटल्यावर शिक्षकांनी त्याला झोडपलं. ते इतकं झोडपलं की त्याची एकमेव रास्त जागाही गेली. मग दक्षिण इंग्लंडमध्ये, जिथे 'र' नुसता लांबवतात, 'आन्ट' असा उच्चार होत होता तो 'आर्न्ट' म्हणून लिहिला गेला. आणि आज जगभर शुद्ध इंग्रजी काय? 'आर्न्ट आय?' म्हणजे 'आय आर नॉट'! शाळेत 'आय आर' लिहिलं असतं तर वहीवर लाल रेघ आली असती. जे वंशावळीने बरोबर ते गावंढळ, आणि जे जुळणीच्या नियमात सरळ चूक ते सभ्य. फाउलरने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात यावर हळहळ व्यक्त केली होती. शिस्तीचा माणूस, तरी त्याचं म्हणणं होतं की प्रथमपुरुषी तरी 'एन्ट' राहू द्यायला हवं होतं.

१९६१ मध्ये वेबस्टरचा तिसरा मोठा कोश आला. संपादक फिलिप गोव्ह. त्यात नोंद अशी की पुष्कळांना 'एन्ट' पसंत नसलं तरी अमेरिकेच्या बऱ्याच भागात सुशिक्षित लोकही बोलताना ते वापरतात. झालं. वर्तमानपत्रं तुटून पडली, जणू कोशानेच किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून दिला. खरं तर १९३४ च्या आवृत्तीतही तो शब्द होता, पण रागावलेला माणूस जुनी आवृत्ती कशाला उघडतोय? अपॉस्ट्रॉफीचंही असंच. 'इट्स' म्हणजे 'त्याचं' लिहिताना तो द्यायचा नाही, हे आपण रडत रडत शिकलो. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, तो दिलेला आहे.

मग काय, सगळं चालतं? नाही हो. क्लायंटच्या मेलमध्ये आजही मी 'डझन्ट'च लिहीन, आणि टीममधल्या नव्या मुलाने 'डोन्ट' लिहिलं तर त्याला सांगेन. वाचणारा त्यावरून आपली किंमत करतो, आणि ती किंमत आपल्या अप्रेझलपर्यंत येते. टेक्सासच्या साहेबाला 'इट डोन्ट' परवडतं. आपल्याला अजून परवडत नाही. हे अन्याय्य आहे, पण तीनशे वर्षांपासून हे असंच चाललंय, आणि दुसरं काही मला सुचलेलं नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मागच्या महिन्यात त्या मुलाला फोन केला. आता मुलगा कसला, दुसऱ्या कंपनीत पंधरा जणांची टीम सांभाळतो. त्याला ॲडिसन सांगितला, पोप सांगितला, क्वेकरांचा मार सांगितला. तो मनापासून हसला. मग विचारलं, "म्हणजे सर, माझं बरोबर होतं?"

मी म्हटलं, "मेलसाठी नव्हतं. पण अठराव्या शतकात चाललं असतं."

"ते मला तेव्हाही पटलं होतं सर, डझन्ट पाहिजे म्हणून," तो म्हणाला. "पण तुम्ही सगळ्यांना सीसी ठेवलं होतं."

मी हो म्हणालो.